साठी, बुद्धी आणि हजेरीपट

पोस्ट मोठी झालीय. सवडीनं वाचा, पण घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल तर नक्की वाचा.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्यानं आपल्या म्हाताऱ्या माणसांचं फार नुकसान करून ठेवलंय, असं माझं मत झालं आहे. म्हण लहान, यमक चांगलं, म्हणून प्रत्येकाच्या तोंडात बसली. आई एकच गोष्ट चौथ्यांदा विचारते, वडील बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत येतात, आजोबांना नातवाचं नाव आठवत नाही, की घरातलं कुणीतरी हसून ही म्हण म्हणतं आणि विषय तिथंच संपतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘म्हातारचळ’. हा शब्द तर आपण शिवीसारखाच वापरतो. गुडघा दुखला तर हाडाच्या डॉक्टरांकडे जातो, दिसेनासं झालं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतो. आठवेनासं झालं तर मात्र म्हण म्हणतो.

आता आकडे बघा. आपल्या देशातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लासी-डॅड असं त्या अभ्यासाचं नाव. त्यानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे. सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठाच आहे, पण उलटा वाचला तर शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना साठीनंतरही हा आजार नाही. म्हणजे म्हण सरळसरळ खोटी आहे. साठी झाली की बुद्धी जाते असं नाही. काहींची जाते, तो आजार असतो, आणि तो कुणाला जास्त गाठतो याला कारणं असतात.

त्याच अभ्यासातले आणखी दोन आकडे मला झोपू देईनात. पुरुषांमध्ये प्रमाण ५.८ टक्के, बायकांमध्ये ९ टक्के. शहरात ५.३, खेड्यात ८.४. आणि ज्यांचं शिक्षण कमी, त्यांच्यात प्रमाण जास्त. आता आपलं मलकापूर यात कुठं बसवायचं? कागदावर आपण शहर, नगरपरिषद आहे, मीटरचं पाणी आहे, अपार्टमेंट आहेत. पण इथल्या माझ्या वयाच्या बायकांचं अर्धं आयुष्य उसाच्या फडात आणि जनावरांच्या गोठ्यात गेलंय. पत्ता शहराचा, आयुष्य खेड्याचं. गावात साठी ओलांडलेली तीन हजार माणसं आहेत असं नुसतं हिशेबाला धरा. ७.४ टक्क्यांनी दोनशेवीस माणसं होतात. दोनशेवीस घरं. यातली किती घरं हे उघड बोलतात?

आमचं घर बोलत नव्हतं. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. सुरुवात आमटीत दोनदा मीठ पडण्यापासून झाली. मग ‘दूध तापवलं का’ हा प्रश्न दिवसात दहा वेळा. मग एके दिवशी संध्याकाळी हातात कळशी घेऊन निघाल्या, विहिरीवर जाते म्हणून. ती विहीर बुजवून वीस वर्षं झाली होती, तिथं आता तीन मजली इमारत आहे. घरात नळाला चोवीस तास पाणी आणि बाई कळशी घेऊन रस्त्यावर. लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला. एका डॉक्टरांनी तपासलंसुद्धा नाही नीट, म्हणाले, “वय झालं आता, चालायचंच.” आजाराचं खरं नाव आम्हाला कळलं तेव्हा चौथं वर्ष सुरू होतं. शेवटच्या वर्षात त्यांनी मला ओळखलं नाही, पण शाळेतून निवृत्त झालेल्या सुनेला ‘बाई’ म्हणून हाक मारायच्या, इतर सगळे मारतात म्हणून. त्यांना ती हाक कुठून सापडली देव जाणे.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाचा २०२४ चा अहवाल आहे. त्यात डिमेन्शियाची जोखीम वाढवणाऱ्या, पण ज्यांच्यावर काहीतरी करता येतं अशा १४ गोष्टी दिल्या आहेत. त्या सगळ्या हाताळता आल्या तर जगातल्या जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा हिशेब. यादी वाचताना मी आत्यांच्या नावापुढे खुणा करत गेले. शाळा नाही. कानानं ऐकू कमी. बीपी, आणि त्याची गोळी आठवड्यातून चारदा. साखर. मोतीबिंदू लांबवलेला. चुलीचा धूर. बसून राहणं. एकटेपणा. आठ झाल्या. यातल्या नेमक्या कशामुळे झालं हे एका माणसाच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही, ते खरं आहे. पण आठातल्या सहा-सात गोष्टींवर आम्हाला साठीच्या आधी किंवा नंतरही काही करता आलं असतं हेही तितकंच खरं आहे.

बसून राहण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथं आपल्याकडं एक ठाम गैरसमज आहे. मी बायकांना व्यायामाला या म्हणाले की पहिलं उत्तर ठरलेलं. “जल्मभर राबलोय की, आता अजून कसला व्यायाम?” एक मावशी तर म्हणाल्या, “खुरपून खुरपून कंबर गेली, आता तू नाचाया सांगतीस व्हय?” बरोबर आहे त्यांचं. पण राबणं आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्मार्कमध्ये ४,७२१ नोकरदार पुरुषांचा अनेक वर्षं मागोवा घेतला, तेव्हा अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्यांमध्ये पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्तच दिसलं. त्यावरून मेहनतच कारण आहे असं सिद्ध होत नाही, मेहनतीबरोबर गरिबी, कमी शिक्षण असं बरंच काही येतं. पण ‘राबलोय म्हणजे सुटलो’ हे तरी त्यातून निघत नाही. खुरपताना आठ तास एकाच जागी वाकून, मालकाच्या वेळेनं, विश्रांतीशिवाय काम होतं. व्यायामात अर्धा तास धाप लागते, मग थांबता येतं, पाणी पिता येतं, उद्या जरा जास्त करता येतं. आणि दुसरं म्हणजे ते राबणं साठीला एकदम थांबतं. जमीन खंडानं दिली, गुडघे धरले, मुलगा म्हणाला, आता बस आराम कर. आत्या खरंच बसल्या. टीव्हीपुढं, एकाच खुर्चीत, अकरा वर्षं.

अमेरिकेत १२० वयस्क माणसांवर केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं भरभर चालायला लावलं, निम्म्यांना नुसते ताणाचे व्यायाम. वर्षानं मेंदूचे फोटो काढले. हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूचा एक भाग असतो, नव्या आठवणी साठवण्याचं काम त्याच्याकडं असतं आणि उतारवयात तो आक्रसत जातो. चालणाऱ्यांचा तो भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटाचा कमी झाला होता. एक चप्पल आणि चाळीस मिनिटं, खर्च एवढाच.

मग सगळेच का चालत नाहीत? इथून पुढचा भाग सार्वजनिक आहे, म्हणून ही पोस्ट.

अमेरिकेतलीच गोष्ट सांगते. तिथल्या कृष्णवर्णीय ज्येष्ठांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण गोऱ्या ज्येष्ठांच्या साधारण दुप्पट आहे. त्याचं कारण कातडीच्या रंगात शोधू नका. लहानपणी वेगळ्या, कमी पैशाच्या शाळा, वेगळ्या वस्त्या, उपचार न झालेलं बीपी आणि मधुमेह, जन्मभराचा अपमान, हे सगळं साठून म्हातारपणी बाहेर येतं. आपल्याकडच्या ९ आणि ५.८ मधल्या अंतराकडं मी तशीच बघते. बायका जास्त जगतात हे एक कारण आहेच. पण जिला तिसरीतून काढून धाकट्या भावाला सांभाळायला बसवलं, तिच्या मेंदूला मिळालेली शिदोरीच कमी होती.

तर तिथल्या काही लोकांनी काय केलं बघा. पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथल्या एका भागात पूर्वी कृष्णवर्णीय लोकांची भरलेली वस्ती होती. पुढे जागांचे भाव वाढले, नवे लोक आले, जुनी माणसं पांगली. डॉ. रैना क्रॉफ या संशोधक बाईंनी पंचावन्न वर्षांपुढच्या कृष्णवर्णीय लोकांना तीन-तीनच्या गटानं त्याच गल्ल्यांतून चालायला नेलं. आठवड्यातून तीनदा, सहा महिने, सुमारे दीड किलोमीटरची फेरी. हातात टॅब. ठरलेल्या कोपऱ्यावर थांबलं की टॅबवर त्या जागेचा जुना फोटो. इथं कुणाचं दुकान होतं, इथं कोण गायचं, तुम्ही इथं पहिल्यांदा कधी आलात? चालणं होतं, गप्पा होतात, आठवण खणून वर काढावी लागते. उपक्रमाचं नाव शार्प. प्रयोग छोटा आहे, त्यावर मोठा दावा करू नये. पण मला त्यातली एक गोष्ट फार पटली. त्यांनी म्हाताऱ्यांना ‘मेंदूसाठी चाला’ असं सांगितलं नाही. ‘चला, आपलं गाव बघू’ म्हणाले.

पिट्सबर्गमध्ये दुसरा एक प्रयोग झाला, त्यात साठीपुढच्या कृष्णवर्णीय लोकांसाठी व्यायाम म्हणून आफ्रिकी नाच ठेवला. ट्रेडमिल नाही, आपल्या पूर्वजांचा नाच. हे वाचलं आणि मला मंगळागौर आठवली.

मंगळागौरीचे खेळ नीट आठवा. झिम्मा, फुगडी, पिंगा, आगोटा-पागोटा, किकीचं पान. यात काय नाही? धाप आहे. तोल आहे. समोरचीच्या हाताशी आपला हात जुळवायचा, म्हणजे डोळा आणि हाताचा मेळ आहे. पायांची जागा बदलत राहते. आणि हे सगळं चालू असताना तोंडानं गाणं म्हणायचं, पुढचं कडवं आठवायचं. शरीर आणि मेंदू एकाच वेळी कामाला लावणारा व्यायाम हवा असं आज संशोधक सांगतात. आपल्या आज्या तो श्रावणात रात्रभर करत होत्या आणि आपण त्याची स्पर्धा करून बक्षीस समारंभात घातला. पुरुषांसाठी लेझीम आहे, वारकऱ्यांची पावली आहे. माउलींच्या पालखीबरोबर सत्तरीची माणसं लोणंद, तरडगाव, फलटण करत चालत पंढरपूरला जातात, त्यांना कुणी व्यायाम करा म्हणून सांगायला लागत नाही. दिंडीत शेजारी माणूस असतो, पुढं वीणेकरी असतो, थांबायची जागा ठरलेली असते.

तर चार वर्षांपूर्वी आम्ही सहा बायकांनी सुरुवात केली, देवळापुढच्या फरशीवर. वेळ सकाळची ठेवली होती, पुरुषांसारखी. आठ दिवसांत कळलं की ही वेळ बायकांची नाही. सकाळी सहाला तिच्याकडं चहा, डबे, नातवंडांची शाळा. सकाळी फिरायला जाणारे पुरुष बघा, त्यांच्या घरी त्या वेळी कोण चहा ठेवतंय? मग आम्ही दुपारी साडेचारची वेळ घेतली. जेवणं झालेली, भांडी झालेली, संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब. सहाच्या बावीस जणी झाल्या. एवढाच बदल केला होता.

करतो काय? वीस मिनिटं चालणं, आळीतल्या आळीत, गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस. पहिल्या दिवशी निम्म्या जणींना तीन वेळासुद्धा जमेना. लिटरच्या दोन बाटल्या पाण्यानं भरून हाताचे व्यायाम. भिंतीला एक हात धरून एका पायावर उभं राहणं, हे फार महत्त्वाचं, कारण या वयात एक पडणं म्हणजे खुबा. आणि शेवटी झिम्मा. फुगडी आम्ही धरत नाही, गुडघ्यांना झेपत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम हालचाल सांगते, दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि वयस्कांना तीन दिवस तोलाचे. आमचं तेवढं आरामात होतं. ज्यांना छातीत दुखतं, चक्कर येते, त्यांना आधी डॉक्टरांकडं पाठवतो. दर पंधरा दिवसांनी बीपी बघतो, मशीन एकीच्या मुलानं दिलंय. दोघींना कानाची मशीन घ्यायला लावली. त्यातली एक म्हणाली, “सून एवढं बोलती हे मला म्हाईतच नव्हतं.”

आणि हजेरी. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, सवय जात नाही. एका वहीवर हजेरीपट आखला. रोज नाव घेते. बावीसपैकी नऊ जणी कधीच शाळेत गेलेल्या नाहीत. त्यातल्या एक काकी बहात्तर वर्षांच्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांचं पूर्ण नाव घेतलं तर त्या इकडं तिकडं बघायला लागल्या. कुणीतरी कोपरानं ढोसलं, “हजर म्हण की.” त्या ‘हजर बाई’ म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत बसल्या. आता त्यांचं नाव चुकून राहिलं तर भांडतात. सलग दोन दिवस कुणी आली नाही की तिसऱ्या दिवशी तिच्या दारात आम्ही दोघी-तिघी उभ्या.

हजेरीपटाची किंमत मला दोन प्रकारे कळली. एक कागदावर. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या यू. एस. पॉइंटर या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साठ ते एकोणऐंशी वयाची २,१११ माणसं, दोन वर्षं. जवळपास तिसरा हिस्सा गोऱ्यांव्यतिरिक्तच्या समाजांतला. सगळ्यांना सांगितलेलं तेच होतं, व्यायाम, आहार, मेंदूला चालना, बीपी-साखरेवर लक्ष. फरक एवढाच की एका गटाला माहिती देऊन ‘तुमच्या सोयीनं करा’ म्हटलं, दोन वर्षांत सहा बैठका. दुसऱ्याला ठरवून दिलेला कार्यक्रम, आठवड्याचं वेळापत्रक, मार्गदर्शक आणि आपल्या गटाच्या अडतीस बैठका. दोन्ही गटांची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारली. ठरवून दिलेल्या गटाची जास्त सुधारली. फरक फार मोठा नव्हता, आणि यामुळे डिमेन्शिया टळतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण व्हॉट्सॲपवर ‘झिम्मा खेळा, विसरणं पळवा’ असा मेसेज फिरलेला मला नको आहे. पण ज्ञान दोघांकडं सारखंच असताना पुढं कोण गेलं, तर ज्यांची कुणीतरी वाट बघत होतं ते.

दुसरा पुरावा घरचा. गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने पुण्यात होते. परत आले तर बावीसच्या चार जणी उरल्या होत्या. जागा तीच, वेळ तीच, खुर्च्या देवळातच. नाव घेणारं कुणी नव्हतं. पुन्हा जमवायला दीड महिना गेला.

आता ओपन जिमबद्दल बोलू या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लहान शहरात जा, बागेत किंवा मोकळ्या प्लॉटवर पिवळी-निळी लोखंडी यंत्रं दिसतील. बाजूला फलक, कुणाच्या निधीतून, कुणाच्या हस्ते. दुपारी त्यावर पोरं झोके घेतात, पावसाळ्यात बेअरिंग गंजतं. नऊवारी नेसलेली बाई त्या सायकलवर कशी बसणार हा विचार खरेदीच्या वेळी कुणी केलेला नसतो. यंत्राला माझा विरोध नाही. पण यंत्राचं उद्घाटन होतं, बिल निघतं, फोटो छापून येतो. रोज साडेचारला येऊन बावीस नावं घेणाऱ्या बाईचं उद्घाटन कसं करणार? म्हणून तिच्यासाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो.

नुसता हिशेब मांडते, आकडे माझे आहेत. गावात दहा ठिकाणी असे गट, प्रत्येकी एक गटप्रमुख, महिना सहा हजार मानधन. वर्षाचे सात लाख वीस हजार. नगरपरिषदेच्या खर्चात ही रक्कम किती, ते अंदाजपत्रक वाचणाऱ्यांनी सांगावं. गटप्रमुख बाहेरून आणायला नको. बारावी झालेल्या, लग्न होऊन इथं आलेल्या, काम शोधणाऱ्या कितीतरी मुली आपल्याकडं आहेत. त्यांना शिकवणार कोण? आपल्या गावातच कृष्णा विश्व विद्यापीठात फिजिओथेरपीचं शिक्षण दिलं जातं, यापेक्षा जवळ काय हवं. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आणि महिन्यातून एक भेट, एवढं मागून बघायला काय हरकत आहे? एक विनंती, हे काम आशाताईंच्या गळ्यात मारू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच किती सर्व्हे आहेत ते त्यांना विचारा.

एक मोठा गट करून एका हॉलमध्ये बोलवू असं काहीजण सुचवतात. ते चालणार नाही. महामार्गानं आपल्या गावाचे दोन भाग केलेत. आगाशिवनगरच्या बाजूची सत्तर वर्षांची बाई तो रस्ता ओलांडून रोज इकडं येणार नाही आणि तिनं येऊही नये. ढेबेवाडी फाट्यावर संध्याकाळी मला स्वतःला भीती वाटते. प्रत्येक आळीला आपलं अंगण हवं, घरापासून पाच मिनिटांच्या आत. मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन एका बागेत पहिला हास्यक्लब सुरू केला आणि तो जगभर गेला, तो असाच, बागेबागेनं. पुरुषांना ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, कट्टे आहेत, पारावर पेपर आहे. बाईला साठीनंतर घराबाहेर पडायला कारण लागतं. एस.टी.चं तिकीट अर्धं झालं आणि पंच्याहत्तरीनंतर फुकट झालं, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी म्हाताऱ्या माहेरी, देवाला जाऊन आल्या. त्या योजनेवर लोक काहीही बोलोत, कारण मिळालं की बायका बाहेर पडतात एवढं मात्र त्यातून दिसलं.

चोवीस तास पाणी देता येईल यावर याच गावात किती लोकांचा विश्वास होता? मीटर बसवायला विरोध झाला होता, आठवतंय ना? आज बाहेरगावचे लोक ते बघायला येतात. नळ ठेकेदारानं बसवले. पण रोज पाणी सोडणारा, गळती शोधणारा, मीटर वाचणारा माणूस पगारावर आहे, म्हणून ती योजना चालली.

नगरपरिषदेकडं आम्ही बावीस जणींच्या सह्यांचं निवेदन देणार आहोत. बावीसपैकी सहा अंगठे होते. आता दोनच राहिलेत, कारण चार जणी हजेरीपटावर स्वतःचं नाव लिहायला शिकल्या. दुसऱ्या आळ्यांतून कुणाला सही करायची असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, कागद घेऊन आम्ही येऊ.

आणि एक मागणं. पोर्टलंडसारखी फेरी आम्ही श्रावणापासून रविवारी सुरू करणार आहोत, तीन-तीन जणींच्या टोळ्यांनी. त्यासाठी गावाचे जुने फोटो हवेत. महामार्ग दुपदरी होता तेव्हाचा, जुना उड्डाणपूल पाडण्याआधीचा, बुजवलेल्या विहिरींचे, आगाशिवाच्या डोंगरावर श्रावणी सोमवारी जाणाऱ्या बायकांचे, २००५ च्या महापुराचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हाचा एखादा फोटो कुणाच्या घरी असला तर सोन्याहून पिवळं. आमच्यातल्या सात जणींना ती पहाट आठवते, आणि सातही जणींची गोष्ट वेगळी आहे. अल्बममधून काढू नका, मोबाइलवर नीट फोटो काढून पाठवा, मागं कुठली जागा आणि अंदाजे साल लिहा. विहिरीवर कळशी घेऊन उभ्या असलेल्या बायकांचा फोटो कुणाकडं असेल तर तो मला वेगळा पाठवा.